नववं कलम

कोर्टाच्या कुंपणाला टेकून माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली वीट,
वर जुना लॅपटॉप आणि एक प्रिंटर
जो प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला काळी रेघ ओढतो.
सव्वीस वर्षं मी इंदुरात लोकांची घरं टाइप करतो.
अकरा-अकरा महिन्यांची घरं.

आकडेमोड मनात मराठीत, किरायानामा हिंदीत.
मालक पुढे, भाडेकरू त्याच्या मागे दोन पावलं.
खोली दहा बाय दहा, नळ सामाईक,
विजेचं युनिट दहा रुपये,
आणि मी विचारतो, खाली करायची मुदत?
मालक घड्याळ बघतो.
"लिख दो ना भिया, जो हमेशा का रहता है."

नेहमीचं म्हणजे काय, ते मला कळलं
मूसाखेडीत, एका मंगळवारी, दूध आणायला गेलो तेव्हा.
गल्लीत पलंग उभा केलेला,
पलंगाच्या पायाला शाळेचं दप्तर अडकवलेलं,
शेगडीवर कुकर, आत अजून डाळ,
आणि एक माणूस फोनवर बोलत होता,
हळू, दवाखान्यात बोलतात तसा.
पायावर फरशी पडलेली, काम बंद,
दोन महिने थकलेले. सहा हजार चारशे.
कुणीतरी त्याचा कागद माझ्या हातात दिला.
डाव्या कडेला काळी रेघ.
नववं कलम: सूचना मिळताच, तत्काळ.

उभ्या उभ्या हिशोब केला मी.
नव्या खोलीची आगाऊ रक्कम, टेंपो,
बुडालेले रोज, बुडालेली शाळा.
रस्त्यावर येणं
थकलेल्या भाड्याच्या तिप्पट महाग पडतं.

त्या रात्री नमुन्यात एकच ओळ बदलली.
तत्काळच्या जागी तीन महिने,
आणि थकबाकी सहा हप्त्यांत.
घाईत "किस्तों"वरचा अनुस्वार राहिला.
कुणी वाचलं नाही.
नवव्या कलमापर्यंत कुणी जात नाही,
लोक सहीची जागा शोधतात.

दीड वर्ष असंच गेलं.
मग फूलवंती बामनिया आली, झाबुव्याकडची, सळ्या वाहणारी,
सोबत सातवीतली मुलगी.
मुलीचं बोट नेमकं त्या ओळीवर.
"अंकल, ये पक्का है?"
मागोमाग चौकसे मालक, कानापर्यंत लाल.
"ये किसने लिखवाया? मैंने कब बोला?"
आपणच बोललात, मी म्हटलं, जे नेहमीचं असतं ते.
तो बराच वेळ गप्प राहिला, मग खुर्चीवर बसला.
"मेरी भी बैंक की किस्त जाती है.
मुझे कौन देता है तीन महीने?"
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
अजूनही नाही.
फूलवंती राहिली. सहावा हप्ता होळीच्या आदल्या दिवशी दिला,
चौकसेनं नोटा दोनदा मोजल्या आणि पावती फाडली.

तेव्हापासून चोरून लिहीत नाही.
सहीआधी नववं कलम मोठ्यानं वाचतो,
मागच्या दोन पावलांपर्यंत ऐकू जाईल असं,
नळ आणि वीज वाचतो त्याच सपाट आवाजात.
दहातले सहा मान हलवतात.
एखादा म्हणतो, तीन नको, दोन. दोन करतो.
बाकीचे म्हणतात, काटो.
काटतो. माझा अधिकार तेवढाच.
बोट बटणावर जरा रेंगाळतं, इतकंच.

परवा माझे स्वतःचे अकरा महिने संपले.
छत्रीबागेतली खोली, जिन्याखाली मोरी.
मालकीणबाईंनी कागद परस्पर करून आणला,
"तुमच्याच धंद्यातला पोरगा आहे, पन्नास रुपयांत देतो."
मी सहीची जागा सोडून वर गेलो.
पाच. सात. आठ.
नववं: तीन महिने. छह किस्तो में.
अनुस्वार नव्हता.

खिशातून पेन काढलं,
त्या ठिपक्याशी क्षणभर थांबलो,
आणि खाली येऊन फक्त सही केली.